इतर अधिकार

शहरात घर विकत घेणं ही तशी सोपी गोष्ट आहे. पैसे लागतात, एवढीच काय ती अडचण. ते एकदा मोजले, की ठरलेले चौरस फूट तुमचे होतात आणि तुमच्याआधी तिथे कोण राहत होतं याची आठवण फक्त चुकून आलेली दोन-चार टपालं काढतात. खेड्यातलं घर असं एका दमात विकत मिळत नाही. ते हप्त्याहप्त्याने मिळतं, आणि एकूण हप्ते किती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

निवृत्तीनंतर खेड्यात जाऊन राहायचं, असं पुष्कळ लोक निवृत्त होईपर्यंत म्हणतात. मी निवृत्त झाल्यावरही म्हणत राहिलो, तेव्हा आमच्या हिने, "एकदा जाऊन तरी या, म्हणजे विषय संपेल," असं म्हणून मला एस.टी.त बसवून दिलं. विषय संपला नाही. जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून जवळच्या एका गावात आम्ही घर घेतलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथे राहायचं आहे. टोमॅटो, कांदा, द्राक्षं आणि ऊस पिकवणारं गाव. जवळच खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेले संदेश ऐकत असतात. आमच्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं आणि चहा झाला का, हे ऐकायला गावाला दुर्बीण लागत नाही.

खरं म्हणजे मला अर्धा एकर शेतजमीन हवी होती. चार वांगी लावावीत, चार मिरच्या लावाव्यात आणि पुण्याच्या नातेवाइकांना पिशव्या भरभरून देऊन त्यांच्या डोळ्यांत आपण मोठं व्हावं, असा बेत होता. पण १९४८च्या कूळकायद्याच्या ६३व्या कलमाप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून, शेतजमीन विकता येत नाही. छत्तीस वर्षं मी टेबलावर काय पिकवलं हे सरकारला पक्कं ठाऊक असल्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. राहिलं गावठाण. तिथे दगडी जोत्याचं, मंगलोरी कौलांचं, पुढे ओटा आणि मागे परस असलेलं एक घर विकाऊ होतं. घराचे मालक ऐंशीच्या घरातले. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही आबाच म्हणतो. आबांच्या मंडळींच्या औषधपाण्यात कर्ज झालं होतं. मुलगा चाकणला कारखान्यात. आबांनी किंमत सांगितली, मी चार ठिकाणी चौकशी केली, भाव चालू होता तोच होता. मी कमी करून मागितलं नाही. त्यांनी वाढवून सांगितलं नव्हतं.

खरेदीखत हा मराठी गद्याचा एक उपेक्षित प्रकार आहे. "झाडझाडोरा, दगडधोंडा, निधीनिक्षेप व तदंगभूत वस्तूंसह" ते घर मला मिळाल्याचं त्यात लिहिलं होतं. निधीनिक्षेप म्हणजे पुरलेलं धन. मी सुखावलो. पण एक वकील स्नेही म्हणाले, १८७८चा कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर सरकारला कळवावं लागतं. म्हणजे दहा रुपयांपर्यंत मी श्रीमंत. त्याच खतात पुढे होतं, की लिहून देणार यांनी हे खत "राजीखुशीने" लिहून दिलं आहे. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत ते वाचून दाखवलं गेलं तेव्हा आबा मान हलवून "व्हय" म्हणाले. हा जोडशब्द ज्याने पहिल्यांदा जोडला त्याने बरीच घाई केली, असं मला तेव्हापासून वाटतं. राजी तर आबा होतेच. कर्जाचा आकडा पाहिल्यावर कुणीही राजी झालं असतं. खुशीचं काय, ते विचारायला फॉर्मात जागा नव्हती.

आम्ही राहायला गेलो आणि गावाने माझं नाव ठेवलं "पाव्हणं". स्वतःच्या घरात पाहुणा म्हणून राहण्याचा अनुभव नवऱ्यांना थोडाफार असतो, पण हे वेगळं होतं. घराला अजून आबांच्याच आडनावाने ओळखतात. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर माझं नाव लागलं, घरपट्टी मी भरतो, पण कुणी पत्ता विचारला तर, "आबांच्या घरात पाव्हणं आल्यात, त्यांच्याकडं," असं सांगतात. हे नवीन नाही. पेशवाईतही दख्खनच्या गावात दोन जातीचे शेतकरी असत: वंशपरंपरेने जमीन धरणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. जमिनीच्या मोठ्या तुकड्यांना, थळांना, मूळ घराण्याचं नाव असे. ते घराणं नामशेष झालं तर त्याला "गतकूळ" म्हणत, पण नाव जमिनीला चिकटूनच राही. माणसं गेली तरी नाव जात नाही, मग आबा तर हयात आहेत आणि दोन गल्ल्या टाकून पुतण्याकडे राहतात.

सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्यातला एक रकाना आठवेल. मालकाचं नाव एकीकडे आणि दुसरीकडे "इतर अधिकार". सोसायटीचा बोजा, विहिरीतला चौथा हिस्सा, असं काय काय तिथे असतं. मालक कितीही एकटा दिसत असला तरी त्याच्या जमिनीत आणखी कोण कोण आहे, हे तो रकाना सांगतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, म्हणून तो रकानाही नाही, अशी माझी समजूत करून देण्यात आली होती. रकाना होता. तो गावाने तोंडी ठेवलेला होता.

परसातला कढीपत्ता गल्लीचा निघाला. बायका येतात, फांदी वाकवतात आणि जाता जाता, "झाडाला पानी घाला हो, पाव्हणं," असं मलाच बजावतात. कार्तिकात आमच्या ओट्यावर शेजारच्यांच्या भुईमुगाच्या शेंगा वाळतात, आणि त्या वाळत असताना ओट्यावर मी कुठे बसायचं हे शेंगा ठरवतात. जत्रेत देवाची पालखी आमच्या दारात थांबते, कारण तो मान "घराचा" आहे. पहिल्या वर्षी पालखी थांबली तेव्हा आमच्या हिची तारांबळ उडाली. शेजारची म्हातारी तिला म्हणाली, "घर घेतलं, मंग मान कुनी घ्यायचा?" पोळ्याला तर तीन बैलजोड्या शिस्तीत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खरेदीखत वाचलेलं नव्हतं. पुरणपोळ्यांसाठी डाळ किती लागते हे आता आम्हाला बैलांच्या हिशेबात कळतं.

परसातून एक पायवाटही जाते. मागच्या गल्लीतली एक बाई तिथून गोठ्यात जाते. सकाळी रिकामी, संध्याकाळी डोक्यावर घासाचा भारा घेऊन.

आणि रोज संध्याकाळी आबा येतात. ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात, खांबाला पाठ टेकून बसतात. फारसं बोलत नाहीत. दिवेलागण झाली की उठून जातात.

आमचे मेहुणे पुण्यात एका सोसायटीचे चेअरमन आहेत. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि त्यांचा चहा निवला. "तुम्ही घर घेतलंय की धर्मशाळा? आधी तारेचं कंपाउंड घाला. वीस वर्षं वापर झाला की वहिवाटीचा हक्क लागतो, १८८२चा कायदा आहे!" आबांना आणखी वीस वर्षं ओट्यावर बसायचं तर शंभरी ओलांडावी लागेल, हे मी निदर्शनाला आणलं. तरी मनात पाल चुकचुकली म्हणून वकील स्नेह्यांना विचारलं. ते म्हणाले, हक्काने वापर केला तर हक्क लागतो. परवानगीने केलेल्या वापराला हक्क चिकटत नाही. म्हणजे आबा आले की मी रोज "बसा आबा" म्हणत राहिलो, तर माझी मालकी शाबूत! इतक्या स्वस्तात मालकी टिकवण्याची सोय जगात दुसरीकडे नसेल. मी ते इमानाने सुरू केलं. दोन-तीन महिने गेले. एकदा बाजारातून पिशवी घेऊन घामाघूम होऊन आलो, तर आबा आधीच खांबाला टेकलेले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "या, बसा पाव्हणं. पानी आनाया सांगू का?" मी बसलो. याचा कायद्याने काय अर्थ होतो हे वकिलांना विचारायचं मी टाळलं आहे.

पण मेहुण्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि मी तो पुष्कळ रात्री डोक्यात घोळवला आहे. विकणाऱ्याची माया विकल्यानंतरही घरात शिल्लक राहते, असं एकदा मान्य केलं, तर मग विकत कोण घेईल? आणि कुणी घेतलंच नाही, तर ज्याच्या घरात दुखणं आहे त्याने कर्ज कशाने फेडायचं? व्यवहार एका सहीत संपतो, म्हणून तर अडलेल्या माणसाला गिऱ्हाईक मिळतं. शिवाय गावाची ही तोंडी वही मोठी गोड, असंही कुणी समजू नये. तिच्यात फक्त कढीपत्ता नसतो. कुणी कुठल्या ओट्याची पायरी चढायची नाही, कुणी कुठल्या विहिरीत पोहरा सोडायचा नाही, हेही याच वहीने पिढ्यान् पिढ्या बिनचूक लक्षात ठेवलं. १ एप्रिल १९५७ला कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक मानली गेली ती कागदामुळे. गावाच्या आठवणीवर सोपवलं असतं तर ती अजून कूळच राहिली असती. ज्याला गावाने मोजलंच नाही, त्याला कागद हाच आधार. तेव्हा कागदाची टिंगल मी करणार नाही.

मग आबांना उठवायचं का? माझ्या मते, नाही. कागदाने मला जे दिलं ते मला कुणी लुबाडू नये म्हणून दिलं. आबा काय लुबाडतायत? दीड फूट ओटा, तोही सूर्य मावळेपर्यंत. गरज लागली तर अडचण विकत घेता येते, पण ज्या खांबाला पाठ टेकून माणूस लहानाचा म्हातारा झाला त्या पाठीची सवय विकायला तो कचेरीत आलेला नव्हता, आणि मी तिचे पैसे दिलेले नाहीत. आमची ही याहून थोडक्यात बोलते. "ते बसले की मला घर राखल्यासारखं वाटतं," म्हणते. अर्थात उद्या त्यांच्या चाकणच्या मुलाने "परसातला तुकडा आमचाच होता" म्हणून मोजणी आणली, तर मी खरेदीखत घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहीन. त्यात मला विसंगती दिसत नाही. मेहुण्यांना दिसते.

कंपाउंड मात्र घालावंच लागलं, आणि त्याला कारण मेहुणे नाहीत. आमच्या तालुक्यात उसाच्या फडात बिबटे राहतात, तिथेच पिलं घालतात, आणि ऊस तुटला की पत्ता शोधत गावाकडे येतात. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला जाणारे लोक बॅटरी आणि जीव मुठीत घेऊन जातात. मागच्या गल्लीतून एक शेळी गेली, तेव्हा परसाला जाळी मारायचं ठरलं. बिबट्याला इतर अधिकारांत धरायला गाव अजून तयार नाही.

जाळी आली, खांब रोवले. पायवाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक ठेवलं, आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडेल असं, कुलपाशिवाय. मेहुण्यांना हे कळवलेलं नाही. नारायणगावहून वेल्डर आला. त्याने कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर धरली आणि मला विचारलं, "हितं ठोकू?" मी हो म्हणणार, तेवढ्यात ओट्यावरून आबा उठून परसात आले.

"खाली घे रं जरा. ती भारा घिऊन येती. डोक्यावरचा हात सोडला तर भारा पडंल तिचा. कमरंएवढी कर, म्हंजी दुसऱ्या हातानं काढंल."

वेल्डरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कडी खाली घेतली, डाग मारला, आणि बिल माझ्या नावाने केलं.