माळकरी आईचा रिपोर्ट
दोन भावांच्या शेतांमध्ये एकच बांध आणि विहीर सामाईक. थोरल्याचं ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड, धाकट्याचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे.

थोरला कष्टाळू, पण पिल्लांत मर लागेल याची त्याला भारी धास्ती. म्हणून बॅच उतरली की पाण्याच्या टाकीत एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू, पक्षी आजारी असोत वा नसोत. पशुवैद्यकांनी त्याला टोकलं. "अहो, हे माणसांच्या सिप्रोफ्लॉक्सासिनचं सख्खं भावंड. रोज थोडं थोडं पाजलंत तर आतड्यातले दुबळे जंतू मरतील, चिवट तेवढे उरतील आणि त्यांचीच पैदास होईल. अमेरिकेनं 2005 मध्ये कोंबड्यांसाठी याची परवानगीच काढून घेतली."

"डॉक्टर, शेड माझं, पक्षी माझे, पैसे माझे. दुसऱ्याचं काय जातंय?"

आजारी पक्ष्याला औषध द्यायला कुणाचीच ना नव्हती. निरोगी पक्ष्यांना ते रोज पाजणं, हा खरा घात होता.

बॅच निघाली की विष्ठेसकट तूस पोत्यांत भरायचं. पहिली पोती धाकट्याला, घरचा म्हणून. ते ओलं, डोळ्यांना झोंबणारं कोंबडखत तो न कुजवता तसंच वाफ्यांत पसरायचा. पावसात त्याचा काळपट पाझर विहिरीच्या काठापर्यंत यायचा. त्याच वाफ्यांतली कोथिंबीर आई ओसरीवर बसून निवडायची, आणि कोवळी काडी दिसली की तोंडात टाकायची.

आई माळकरी. अंडंसुद्धा घरात येऊ देत नसे. ताप आला तर काढा, गोळी म्हणून माहीत नाही. एका श्रावणात तिला लघवीला जळजळ सुरू झाली, मग हुडहुडी भरून ताप. गावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा तालुक्याला लघवीचं कल्चर केलं. रिपोर्टवर जंतूचं नाव ई. कोलाय. खाली औषधांची यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'आर', म्हणजे हे औषध चालणार नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढेही 'आर'च.

"आजींनी पूर्वी बरीच अँटिबायोटिक्स घेतलीत का?"

"कधीच नाही," थोरला म्हणाला. "आणि मांसमच्छीला तर शिवतही नाही."

"नेमकं कुठून आलं ते मी छातीठोक सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण असे जंतू विष्ठेतून मातीत उतरतात, विहिरीत जातात, पालेभाजीला चिकटतात. शिवाय औषधाला दाद न देण्याची कितीतरी जनुकं प्लाझमिड नावाच्या कड्यावर असतात. त्या कड्याची नक्कल एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. त्यासाठी कोंबडी खावी लागत नाही. घरी कोंबड्या आहेत का?"

थोरल्यानं मान हलवली.

शिरेतून इंजेक्शनं देऊन आई वाचली. पुढच्या बॅचला थोरल्यानं शेड धुऊन चुना मारला, टाकीत क्लोरीन टाकलं, तूस रोज हलवून कोरडं ठेवलं, लसी वेळेवर दिल्या. औषध मात्र पशुवैद्यकांच्या चिठ्ठीशिवाय नाही. थोडी मर झाली, ती त्यानं सोसली. खताचे ढीग लावून ते तापू दिले, पुन्हा पुन्हा उलथले. "उष्णतेनं बरेच जंतू मरतील," पशुवैद्यक म्हणाले, "पण वाफ्यांत आधी मुरलंय ते उपसून काढता येणार नाही."

2019 च्या जुलैत सरकारनं कोलिस्टिनवर जनावरांसाठी बंदी घातली. माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवायचं हे औषध पोल्ट्रीच्या खाद्यातही घातलं जायचं. ती बातमी त्यानं धाकट्याला मोठ्यानं वाचून दाखवली.

पुढे खताचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. कच्चं खत द्यायला थोरल्यानं नकार दिला. "नका देऊ," व्यापारी म्हणाला, "वरच्या वस्तीवर पोती भरून तयार आहेत."

थोरल्यानं मोटारसायकल काढली आणि टेम्पोच्या आधी वरची वस्ती गाठली. शेडवाला दारातच भेटला.

"पाण्यात काय घालतोस रे?" थोरल्यानं विचारलं.