पाहणाऱ्याचे देणे

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याने आरव्ही (चाकांवरचे घर) घेऊन निघालेल्या कुटुंबांचा चार्ल्स्टनला मुक्काम बहुधा ठरलेलाच असतो. जेम्स आयलंडच्या काउंटी पार्कमध्ये गाडी वीज-पाण्याला जोडायची आणि ॲशली व कूपर नद्यांच्या मधल्या जुन्या शहरात पायी फिरायचे. तिथल्या गल्ल्या घोडागाडीच्या मापाच्या, एवढे मोठे धूड त्यांत वळवणे कठीण. रेनबो रोची रंगीत घरे, सेंट मायकेल्स चर्चचा पांढरा मनोरा, बॅटरी या किनाऱ्याच्या बांधावरची ओकची सावली आणि बंदराच्या तोंडाशी फोर्ट सम्टर. 12 एप्रिल 1861 रोजी या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले.

चर्चच्या मनोऱ्यांमुळे या गावाला 'पवित्र नगरी' म्हणतात. इथली ज्यू मंडळी 1749 पासून संघटित आहे. धर्माला इथे कधीच तोटा नव्हता.

आणि याच गावात माणसांचा बाजार भरत होता. उत्तर अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांपैकी अंदाजे 40 टक्के या बंदरातून उतरले, असे मानले जाते. 1670 मध्ये वसलेल्या या वसाहतीची श्रीमंती आली ती तांदूळ आणि निळीतून. पाणथळ जमिनीवर बांध घालणारे आणि चिखलात उभे राहून रोपे लावणारे हात गुलामांचे होते. जुन्या भिंतींतल्या काही विटांवर आजही बोटांचे ठसे दिसतात. ओल्या विटा हाताळणाऱ्या गुलामांचे ते ठसे, त्यांत लहान मुलांचेही.

मग असे सौंदर्य निर्मळ मनाने पाहता येते का? पर्यटकाच्या वाटेत येणारा हा प्रश्न मुळात धर्माचा आहे.

एक सोपे उत्तर असे की ते पाप करणारे गेले, आजच्या पाहुण्याचा त्यात काय दोष? दुसरे तितकेच सोपे, की अशा जागी आनंद घेणेच पाप. पहिल्या उत्तरात इतिहास पुसला जातो, दुसऱ्यात त्या विटा रचणाऱ्यांचे कसबही नाकारले जाते. चार्ल्स्टनच्या मनोहर घरांवर त्यांचा हक्क मालकांपेक्षा कमी नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी 1946 मध्ये, नाझी राजवट कोसळल्यावर, आपल्याच देशबांधवांसमोर हा पेच सोडवण्याचा प्रयत्न केला. गुन्हेगारी, राजकीय, नैतिक आणि पारलौकिक अशा चार तऱ्हांच्या दोषांत त्यांनी भेद केला. गुन्हा ज्याचा त्याचा असतो, संपूर्ण समाजाला गुन्हेगार ठरवता येत नाही. पण राज्याने केलेल्या कृत्यांची भरपाई मात्र सर्व नागरिकांवर येते. म्हणजे दोष वारशाने येत नसला तरी देणे येते. आपल्याकडे पितृऋणाच्या कल्पनेत हीच जाण आहे: माणूस जन्मतो तोच कुणाचा तरी देणेकरी म्हणून.

हे देणे क्षमेने फिटते का? 17 जून 2015 च्या संध्याकाळी कॅल्हून स्ट्रीटवरच्या मदर इमॅन्युएल या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बायबलचा अभ्यास चालू होता. एक अनोळखी गोरा तरुण आला, सर्वांनी त्याला जवळ बसवून घेतले. शेवटी त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. त्यांत चर्चचे पाद्री आणि राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी होते. दोन दिवसांनी न्यायालयात मृतांच्या काही नातेवाइकांनी त्या तरुणाला क्षमा केल्याचे सांगितले आणि जग थक्क झाले.

ही क्षमा त्या माणसांच्या श्रद्धेची कमाई होती. ती दुरून ऐकणाऱ्याने 'झाले, मिटले' असे म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या पुण्यावर आपले कर्ज फेडणे. ज्या रस्त्यावर हे चर्च उभे आहे तो गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता जॉन कॅल्हून याच्या नावाचा आहे. गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल शहराने औपचारिक माफी मागितली ती 2018 मध्ये, तीही सात विरुद्ध पाच मतांनी. कॅल्हूनचा पुतळा उतरायला 2020 उजाडले.

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही ही वाट परकी नाही. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. पुण्यात बसून, समुद्र न ओलांडता, जोतीरावांनी तिथल्या गुलामाचे आणि इथल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख एकाच हिशेबात धरले. त्यांच्या वाचकाला चार्ल्स्टनमध्ये 'आपला काय संबंध' असे म्हणता येणार नाही.

आरव्हीचे सुख मोकळेपणाचे असते. घर बरोबर असते, वाटेल तिथे थांबावे, नको वाटले की निघावे. चार्ल्स्टनच्या गॅड्सडेन धक्क्यावर गुलाम म्हणून उतरवलेल्यांना नेमके हेच नाकारले होते. त्या धक्क्यावर जून 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय उघडले. ती भूमी पायाखाली दबू नये म्हणून इमारत खांबांवर उचलून धरली आहे. खालच्या बागेत गुलामवाहू जहाजात दाटीने निजवलेल्या देहांच्या आकृती कोरल्या असून त्यांवर पाणी चढते-उतरते. आत पूर्वजांची नावे शोधून देणारे केंद्र आहे.

चार्ल्स्टनला जाणार असाल तर पहिली सकाळ या धक्क्याला द्या, मुलांना सोबत न्या आणि त्यांच्या प्रश्नांना घाई न करता उत्तरे द्या. रेनबो रो दुपारी पाहा. आणि परत महाराष्ट्रात याल तेव्हा एखाद्या वाड्यात वा गडावर हाच प्रश्न विचारा: हे दगड कुणी वाहिले, आणि त्यांना दाराच्या आत येऊ दिले होते का?