शेवटची सोबत

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥

वैष्णव सज्जनहो,

आपल्या संप्रदायात मरणाचीसुद्धा एक रीत आहे. गावातला माळकरी गेला, की घरच्या रडण्यापाठोपाठ अंगणात वीणा येते, टाळ येतात, मृदंग येतो. देहाला स्नान घालतात, कपाळी गोपीचंदन-बुक्का लावतात, मुखात तुळशीपत्र आणि तीर्थ घालतात, आणि रामकृष्ण हरीच्या गजरात, दिंडी निघावी तसे त्याला नेतात. जन्मभर जो पंढरीची वाट चालला, त्याची शेवटची वाटही भजनातच सरावी, एवढाच त्यातला भाव. रडणारा रडतोच, पण त्याचे रडणे टाळांच्या आवाजात मिसळते आणि त्याला आधार होतो.

सन २०२० साली ही रीत एकाएकी थांबली. करोनाची साथ आली. मार्चमध्ये पंढरीचे राऊळ दर्शनाला बंद झाले, ते दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडले. आषाढीला माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एस. टी.ने पंढरीस गेल्या. वारी चुकली म्हणून आपण हळहळलो. पण ती वारी २०२२ साली पुन्हा पायी निघाली. ज्यांचे माणूस त्या दोन वर्षांत गेले, त्यांना ती शेवटची वाट मात्र पुन्हा चालायला मिळणार नाही. आज त्यांच्यासाठी चार शब्द लिहितो.

निमित्त असे झाले. एका वारीत वाखरीच्या मुक्कामी, कीर्तन उरकल्यावर एक वृद्ध माउली माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "महाराज, एक विचारू का? रागवू नका. आमचे मालक एकवीस सालच्या चैत्रात गेले. चाळीस वर्षं दिंडीत वीणा धरली त्यांनी. पण जाताना तोंडात पाणी नाही, तुळशीचं पान नाही. पिशवीत गुंडाळून दवाखान्यातूनच परस्पर नेलं. मला तोंडसुद्धा दिसलं नाही. लोक म्हणतात, असं गेलेल्याला गती नसते. मग ते कुठं असतील हो?"

त्या विणेकरीबुवांना मी चांगला ओळखत होतो. का, आणि त्यात माझा काय दोष, ते पुढे सांगेन. आधी त्या माउलीच्या प्रश्नाचा विचार करू.

पहिली गोष्ट अशी, की तसे का केले, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण न कळलेल्या गोष्टीचा सल अधिक दिवस राहतो. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने मार्च २०२० मध्ये मृतदेहाविषयी नियम काढले. देहातून द्रव बाहेर येऊन हाताळणाऱ्याला बाधा होऊ नये म्हणून न गळणारी पिशवी. त्या पिशवीला बाहेरून एक टक्का हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुसणे. उचलणाऱ्यांना हातमोजे, मुखपट्टी. स्नान घालणे, मिठी मारणे, चुंबन घेणे यांना मनाई. टाळेबंदीत अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा. यात कोणी देहाचा अपमान करू पाहत नव्हते. उलट जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात स्पष्ट सांगितले होते, की करोनाने मेलेल्याच्या देहापासून कोणाला लागण झाल्याचा पुरावा हाती आलेला नाही. मग खरी भीती कोणाची? जमलेल्या जिवंतांची! एकमेकांच्या गळ्यात पडणाऱ्यांची, एका पातेल्यातला चहा पिऊन दाटीने बसणाऱ्यांची. ज्याच्यासाठी जमायचे तो गेलेला असे. जे जमत त्यांच्यातलाच एखादा तो रोग दुसऱ्याच्या घरी घेऊन जाई.

आणि पाहा, त्या नियमांतच आणखी काय होते, ते आपल्याला कोणी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. पिशवीची तोंडाकडची बाजू कर्मचाऱ्याने काळजीपूर्वक उघडून घरच्यांना शेवटचे मुख दाखवावे, अशी मुभा होती. देहाला हात न लावता पोथी वाचायला, तीर्थ शिंपडायला, असे बाकीचे विधी करायला हरकत नव्हती. राखेपासून काही धोका नाही, अस्थी खुशाल न्याव्यात, असेही लिहिले होते. म्हणजे त्या माउलीला धन्याचे मुख दूरून दिसू शकले असते. पण एप्रिल २०२१ मध्ये जो कहर झाला, त्यात कोण कोणाला सांगणार? सुरतेला दाहिन्या अष्टौप्रहर चालून त्यांचे लोखंड वितळले. मराठवाड्यात एके ठिकाणी सरणाला जागा नाही म्हणून एकाच चितेवर आठ जणांना अग्नी द्यावा लागला. नियम कागदावर राहिला आणि माणूस रांगेत. हा दोष त्या माउलीचा नाही, की तिच्या धन्याच्या पुण्याईचा नाही.

दुसरी गोष्ट गतीची. बंधूंनो, विधी चुकला म्हणून जीव अधांतरी राहतो, असे ज्यांना वाटते त्यांनी शास्त्र तरी पुरते पाहावे. देह हातीच लागला नाही, परमुलुखात गेला, पुरात वाहून गेला, तर दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, अशी वाट आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. म्हणजे मरणावर आपला हुकूम चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ज्यांनी ही वाट ठेवली, ते पिशवीतल्या देहाला गती नाही असे म्हणतील काय?

आणि शास्त्र बाजूला ठेवा. आपण वारकरी. आपल्याला चोखोबांचे मरण आठवले पाहिजे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता ती भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गाडले गेले. स्नान नाही, तुळस नाही, मुखदर्शन नाही. कोणाचा देह कोणता, हेही कळेना. परंपरा सांगते, नामदेवराय तिथे गेले आणि एकेक अस्थी कानाशी धरून पाहू लागले. ज्या अस्थीतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आले, त्या चोखोबांच्या. त्या त्यांनी पंढरीस आणल्या आणि महाद्वारी समाधी दिली. आजही नामदेव पायरीला वाकून वर पाहिले, की समोर चोखोबा आहेत. सांगा बरे, जगातले कोणते अंत्यसंस्कार याहून थोर झाले? आणि ते कोणत्या विधीने झाले? आयुष्यभर मुरलेल्या नामाने, आणि मागे राहिलेल्या एका मित्राच्या निष्ठेने.

म्हणून तिसरी गोष्ट सांगतो, ती मागे राहणाऱ्यांची. तिथे मात्र आपण चुकलो. काळजी वेगळी आणि भय वेगळे. काळजी घेणारा दूर उभा राहतो, पण उभा राहतो. भ्यालेला पाठ फिरवतो, आणि वर नियमाचे नाव सांगतो. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईला रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या एका डॉक्टराचे दफन करायला जमावाने विरोध केला, दगडफेक केली. शेवटी त्यांच्या सहकारी डॉक्टराने रात्री स्वतः फावडे घेऊन त्यांना माती दिली. आपल्या मुंबईतही दफनाला विरोध झाला. तेव्हा मे २०२० मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की प्रेतापासून हा रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि सन्मानाने निरोप मिळणे हा माणसाचा हक्क आहे. कोर्टाने सांगावे तेव्हा आपल्याला कळावे, ही आपल्या सत्संगाची शोभा नव्हे.

दुसऱ्यांचे कशाला बोलू? माझेच सांगतो. विणेकरीबुवा गेले, त्या सकाळी त्यांच्या मुलाचा मला फोन आला. म्हणाला, "काका, आम्ही इथं चौघंच आहोत. तुम्ही येता का? लांब उभे राहा, पण एक अभंग म्हणा." मी म्हणालो, "बाबा, सरकारी नियम आहे. तुला ठाऊक आहे ना?" आणि फोन ठेवला.

नियम वीस जणांचा होता. तिथे चौघे होते. माझे वय झालेले, दम्याचा त्रास, तेव्हा मी गेलो नाही हे एक वेळ ठीकच झाले असेल. पण फोनवरून अभंग म्हणायला कोणती लागण होत होती? वीस जणांचा नियम सरकारचा होता. मी सांगितला तो माझ्या भीतीचा होता. चाळीस वर्षे ज्याच्या विण्यामागे मी उभा राहून गायलो, त्याच्यासाठी माझ्या तोंडून एक चरण निघाला नाही.

आणि आपण घरात बसलो होतो, तेव्हा स्मशानात कोण होते? नगरपालिकेचा मजूर. अंगभर प्लास्टिकचा पोशाख, चैत्राचे ऊन, समोर अग्नी. तो पोशाख चढवला की पाणी पिण्याचीही सोय नसे. कुठे मुलगा स्वतःच इस्पितळात असे, कुठे येण्याचे धैर्य करीत नसे. तेव्हा त्याच मजुराने मुलाच्या जागी अग्नी दिला, राख भरून मडक्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि घरचे येईपर्यंत सांभाळली. कित्येक गावी मुसलमान तरुणांनी हिंदूंच्या चिता रचल्या. पुण्यातल्या मोठ्या स्मशानभूमीचे नाव वैकुंठ आहे. त्या दिवसांत त्या वैकुंठात राबणारे हात कोणाच्या जातीचे होते, हे कोणी विचारले नाही. साथ ओसरल्यावरही विचारू नये, एवढे तरी आपण शिकलो का?

साथीत माणुसकी राखता येते, हे या मातीला नवीन नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी प्लेगाने आजारी असलेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले, त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. सर्वांनी तसे प्राण द्यावेत असे मी म्हणत नाही. तेव्हा आपल्यासारखे मोजे-मुखपट्ट्या नव्हत्या. आपल्याला साधने आहेत. साधने असून पाठ फिरवणे अधिक लाजिरवाणे, एवढेच म्हणतो.

साथी पुन्हा येतील. पूर्वी पटकी होती, प्लेग होता, उद्या आणखी काही असेल. म्हणून गावोगावच्या भजनी मंडळांनी चार गोष्टी आजच ठरवून ठेवाव्यात. रोग कोणता आणि तो कशाने पसरतो, हे आधी डॉक्टरांना विचारावे. कारण सर्व साथी सारख्या नसतात. पटकीत देहाला स्नान घालणारे हात फार जपावे लागतात, आणि त्याच हातांनी तेराव्याचा स्वयंपाक केला तर घरचे दुःख दहा घरी जाते. गाडगेबाबांनी जन्मभर खराटा हाती धरला. हात धुणे हीही भक्तीच आहे. स्मशानात थोडे जावेत, तरुण व धडधाकट असतील ते जावेत, अंतर राखून उघड्यावर उभे राहावेत, मुखपट्टी लावावी, परतताच अंघोळ करावी. म्हातारे, आजारी, गरोदर बाया यांनी घरी थांबावे आणि त्याच वेळी आपापल्या अंगणात टाळ घ्यावा. मुखदर्शनाची मुभा आहे का, तीर्थ शिंपडता येईल का, हे एकाने धीराने कर्मचाऱ्याला विचारावे. घरच्या बाईला दूरून का होईना, मुख दाखवावे. फोनवर दिसत असेल तर फोनवर दाखवावे. गर्दीचे भजन व जेवण साथ सरल्यावर वर्षश्राद्धाला करावे. आणि अग्नी देणाऱ्या मजुराला त्या दिवशी पाणी, भाकर आणि दोन हात जोडून नमस्कार, हे मंडळाचे काम समजावे.

आता त्या माउलीकडे येतो. फोनची हकीगत मी तिला सांगितली. म्हणालो, "माय, तुझ्या मुलाने मला बोलावले होते. मी नाही म्हणालो. माझे चुकले." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोरगं बोललं होतं मला. तुम्ही फोन ठेवल्यावर त्यानंच म्हटला म्हणे अभंग. कुंपणाच्या बाहेरनं, तोंडाला फडकं बांधून. बेसूर म्हटला असंल. त्याला कुठं गाता येतंय? तो आगीपाशी उभा असलेला माणूस हातातली सळई खाली ठेवून, अभंग सरेपर्यंत थांबला म्हणे. पण त्यानं काय होतंय, महाराज?"

सज्जनहो, माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. जे माझ्या साठ वर्षांच्या कीर्तनाने झाले नाही, ते त्या बेसूर पोराने केले आणि सळई खाली ठेवणाऱ्या त्या मजुराने केले. मी म्हणालो, "माय, त्यानेच होते. बापाच्या कानावर शेवटी नाम पडले, ते मुलाच्या मुखातून. वीणा बुवांनी खाली ठेवली ती तुझ्या मुलाने उचलली. ते कुठे असतील, हे मला विचारू नकोस. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, पांडुरंग होता."

ती उठली. दुसऱ्या दिवशी दिंडी निघाली तेव्हा विणा तिच्या मुलाच्या गळ्यात होता. मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि तो अभंग म्हणालो.

ज्यांचे कोणी त्या दोन वर्षांत सोबतीवाचून गेले असेल, त्यांनी येत्या एकादशीला त्या जिवाचे नाव घेऊन घरातल्या घरात एक अभंग म्हणावा. सूर लागला नाही तरी चालेल.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! रामकृष्ण हरी!