शस्त्राचे वजन

काही महिन्यांपूर्वी डिचोलीतील आमच्या कचेरीत एक वयस्क गृहस्थ आले. मेणकुऱ्याच्या बाजूला त्यांची काजूची बाग आहे, थोडे कुळागर आहे आणि ओढ्याच्या काठाला भाताचे दोन-चार कुणगे आहेत. परदेशी असलेल्या भाच्याने पाठविलेली काही छापील पाने त्यांनी आमच्या मेजावर पसरली. डोंगरदऱ्यांत दिवसचे दिवस पायी हिंडणाऱ्या शिकाऱ्यांसाठी मुद्दाम बनविलेल्या हलक्या रायफलींची ती माहिती होती. कोणती अडीच किलोंची, कोणती त्याहूनही कमी. गृहस्थ म्हणाले, "वकीलबाब, यांतली कुठली घ्यावी ते सांगा आणि परवाना तेवढा काढून द्या. रात्री बंदूक खांद्यावर टाकून डोंगर चढायचा म्हणजे आता झेपत नाही."

कायद्यापुरते उत्तर आम्ही तत्काळ दिले. 1959 च्या शस्त्र कायद्याने शेतकऱ्याला पीकरक्षणासाठी मुख्यतः जी बंदूक मोकळी ठेवली ती तोंडाकडून ठासावयाची, म्हणजे आपली केपीची बंदूक. स्वसंरक्षणासाठी वा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूकही मागता येते. पण तिची नळी वीस इंचांहून आखूड असता कामा नये. रायफलीसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते आणि परदेशी रायफल मागविणे सामान्य नागरिकाला जवळजवळ अशक्यच आहे. शिवाय बंदुकीचा परवाना ही एक गोष्ट आणि जनावर मारण्याची परवानगी ही दुसरी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवळत आणलेली शिकारीची वाट 1991 च्या दुरुस्तीने बंदच झाली. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला त्याच्यापासून उपद्रव होत असेल तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याने कारणे नमूद करून लेखी हुकूम द्यावा, तेव्हाच त्याच्यावर गोळी झाडता येते. घरात परवान्याची बंदूक आहे म्हणून बागेतले डुक्कर मारावे, असा अधिकार कोणालाच नाही.

गृहस्थ हिरमुसले होऊन गेले. त्यांचे ते एक वाक्य मात्र आमच्या मनात घोळत राहिले. शस्त्र हलके असावे, असे माणसाला का वाटते? आणि ते हलके झाले म्हणजे नेमके काय हलके होते?

प्रथम साध्या पदार्थविज्ञानाकडे पाहू. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. गोळी आणि दारू तीच ठेवून बंदुकीचे वजन चार किलोंवरून अडीच किलोंवर आणले, तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दीडपटीहून अधिक वाढते. चढणीवर जे वजन वाचले ते चाप ओढताना व्याजासह फेडावे लागते. त्यातही धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात हलकी नळी अधिक थरथरते. जड नळी तितकी डळमळत नाही. म्हणून शिकारीची जाण असलेले लोक सांगतात की बंदुकीचे वजन उगाच उतरवू नये; जनावर जखमी होऊन पळण्यापेक्षा आपला खांदा दुखलेला बरा.

दुसरी गोष्ट पल्ल्याची. केपीच्या बंदुकीतले छर्रे थोड्या अंतरावर निकामी होतात. रायफलीची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. ज्या अफाट, निर्मनुष्य मुलखांसाठी त्या हलक्या रायफली घडविल्या जातात तिथे चुकलेली गोळी कुठल्या तरी उतारावर मातीत जिरते. आमच्या गोव्यात एका डोंगराच्या अलीकडे बाग आणि पलीकडे दुसऱ्या गावचा वाडा. लाटंबार्से, साळ, किंवा पेडण्यातील तांबोसे, उगवे यांपैकी कुठल्याही गावी उभे राहा आणि चुकलेली गोळी कोणत्या दिशेला गेली तर कोणाच्या अंगणात पडणार नाही, याचा विचार करा. उत्तर सहज सापडणार नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. केपीच्या बंदुकीत दारू घालावी, चिंधी ठासावी, छर्रे सोडावे, पुन्हा गजाने ठासावे, केप बसवावी आणि मग एकदाच चाप ओढावा. बार चुकला तर सर्व खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. या संथपणाला आपण दोष मानतो. परंतु या खटाटोपात विचाराला जागा सापडते. समोर हलले ते डुक्कर की पहाटे काजूबिया वेचायला निघालेली म्हातारी, हे पाहायला उसंत मिळते. सावज समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या आमच्या भागात अधूनमधून येतच असतात. ही चूक आजची नाही. शरयूच्या काठी दशरथाने आवाजाच्या रोखाने बाण सोडला, तेव्हा पाण्यात बुडणारा घडा त्याला हत्तीच्या सोंडेसारखा ऐकू आला होता. त्याचे कौशल्य निर्दोष होते. चुकले ते पाहणे. पण त्या राजाची एक गोष्ट विसरू नये. तो पळून गेला नाही. पाण्याचा घडा घेऊन तो स्वतः त्या अंध मातापित्यांपाशी गेला आणि हे कृत्य माझे, असे त्याने आपल्या तोंडाने सांगितले.

शस्त्राची खरी कसोटी इथेच असावी. किरातार्जुनाच्या प्रसंगात एकाच रानडुकरावर दोन बाण पडतात आणि दोघे धनुर्धर भांडतात ते कशासाठी? हे डुक्कर माझ्या बाणाने मेले, असे म्हणण्यासाठी. आज नेमके उलट झाले आहे. कुंपणाच्या फटीत तारेचा फास लावला जातो, तो डुकरासाठी असतो, आणि सकाळी त्यात बिबटा अडकलेला दिसतो. फास कोणाचा, असे विचारले तर गावात कोणीच बोलत नाही. 2009 मध्ये सत्तरीतील केरी येथे वाघ मारल्याचे प्रकरण गाजले. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे चार वाघ मृतावस्थेत सापडले आणि विषप्रयोगाची गोष्ट पुढे आली. विषाच्या पुडीला वजन ते किती! फासाची तार खिशात मावते. भाल्याने पारध करणारा जनावराच्या श्वासाइतक्या अंतरावर असे. बंदूकवाला पन्नास पावलांवर. फासवाला मरणाच्या वेळी आपल्या घरी झोपलेला असतो. शस्त्र जसजसे हलके होत गेले, तसतसा मारणारा मरणापासून दूर गेला. पाप कमी झाले नाही. फक्त त्याच्याजवळ उभे राहणारे कोणी उरले नाही.

हे लिहिताना आम्हाला आमचेच एक जुने प्रकरण आठवते. कायद्याच्या शेवटच्या वर्षात असताना आम्ही एका नातलगाच्या घरी गेलो होतो. खंडे नवमीला पूजेत ठेवलेली त्यांची बंदूक आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. तिच्यावरचे कुंकू अजून नळीला लागलेले होते. त्या रात्री भातात डुकरे उतरली. हट्टाने बंदूक आमच्या हाती आली आणि आम्ही चाप ओढला. परवानगी कोणी कोणाची विचारली नव्हती. जनावर कोसळले नाही. ओरडत अंधारात गेले. सकाळी रक्ताच्या थेंबांमागून ओढ्यापर्यंत गेलो. पलीकडे दाट करवंदी होत्या. पणजीला जाणाऱ्या बसची वेळ होत आली होती. आम्ही परतलो. आठ दिवसांनी नातलगांचा निरोप आला की वासावरून ते सापडले, ओढ्यापासून फारसे दूर नव्हते. त्यानंतर आम्ही वकील झालो. निष्काळजीपणा म्हणजे काय, यावर न्यायालयात अनेक वेळा बोललो. प्रत्येक वेळी तो ओढा डोळ्यांपुढे येतो. दशरथ चालत गेला तेवढे अंतर आम्हाला चालवले नव्हते.

मग बंदूक हाती घेऊच नये, असे आम्हाला म्हणायचे आहे काय? तसे म्हणणे सोपे आहे. विशेषतः ज्यांच्या ताटात तांदूळ विकत आणलेला पडतो त्यांना. नव्याच्या पंचमीला आपण भाताची कोवळी कणसे घरी आणतो, देवापुढे ठेवतो. ती कणसे ज्या शेतात पिकली तिथे कोणीतरी रात्री जागले होते, डबे बडविले होते, आणि कदाचित चापही ओढला होता. महाभारतातला धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच समजावतो. तो स्वतः प्राणी मारीत नाही, मांस मात्र विकतो. आणि ते लपवीत नाही. नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात, याची आठवण तो त्या ब्राह्मणाला करून देतो. सर्वस्वी अहिंसक असा कोणी नाही. आपली हिंसा ओळखणारा आणि न ओळखणारा, एवढाच भेद आहे. देवळाच्या पायरीवर बसून शेतकऱ्याला दयेचा उपदेश करणाऱ्याने आपल्या पानातला भात कोणाच्या जागरणाने वाचला हे आधी विचारावे.

उपद्रव खराच वाढला आहे. खाणींनी डोंगर पोखरले, बांधकामांनी वाटा अडविल्या, पडीक शेतांत रान माजले. गवे आणि डुकरे वस्तीला भिडली. 2025 मध्ये सिंधुदुर्गातून उतरलेला एक तरुण हत्ती पेडणे तालुक्यात शिरला, तेव्हा ज्या हातांनी गणपतीची मूर्ती विसर्जित केली त्याच हातांनी लोकांना आपली तुडविलेली शेते दाखवावी लागली. त्यातच निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका पोलीसचौकीवर जमा कराव्या लागतात. डुकरांना आचारसंहिता लागू नसते. केरळ सरकारने 2022 मध्ये उपद्रवी रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविला. ती वाट इथे चालेल की नाही याविषयी मतभेद असू शकतील. पण एक गोष्ट त्यात आम्हाला पटते: निर्णय उघडपणे होतो, त्याखाली कोणाचे तरी नाव असते. अंधारातल्या फासाखाली ते नसते.

पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ पुन्हा आले. आम्ही त्यांचा वनखात्याकडे करावयाचा अर्ज लिहून दिला, सौर कुंपणाच्या अनुदानाची माहिती दिली आणि घरात वडिलांच्या वेळची केपीची बंदूक असल्यास तिचा परवाना नूतन आहे की नाही हे तपासण्यास सांगितले. शेवटी वकिलीच्या बाहेरचे एक बोलणेही बोललो: बंदूक अशी घ्यावी की तिच्या बाराची जबाबदारी दुसऱ्या दिवशी गावात उभे राहून घेता येईल, आणि जखमी जनावरामागे जाण्याइतके पाय चालत नसतील, तर रात्री चापावरचे बोट आवरावे.

त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग अर्ज घडी करून खिशात ठेवताना विचारले, "आणि हुकूम येईपर्यंत डुकरांनी भात खाल्ले तर? मागीर आमी कितें करचें?"

आम्ही म्हणालो, अर्जाच्या मागे आम्ही स्वतः लागू. त्या दिवसापासून वनखात्याच्या कचेरीत आमच्या दोन खेपा झाल्या आहेत. हुकूम अजून आलेला नाही. गृहस्थ मात्र रोज रात्री कंदील आणि डबा घेऊन माळ्यावर बसतात, असे कळते. गावाचा राखणदार रात्री फेरी घालतो अशी आपली श्रद्धा आहे. त्या फेरीत त्याला एक म्हातारा जागा सापडतो. उरलेला गाव, आमच्यासह, झोपलेला असतो.