झेपेल ते नाव

आंबोलीत आषाढात कपडे वाळत नाहीत, चुलीवरच्या दोरीवर शेकावे लागतात. अशाच एका दोरीखाली बसून नववीतला एक मुलगा वहीत संतांची नावं लिहीत होता. दृढीकरण संस्कार आठवड्यावर आला होता. बिशप पवित्र तेलानं कपाळावर क्रूस काढतात, तेव्हा नावानं हाक मारतात. नवं नाव घेतलंच पाहिजे असं नाही, बाप्तिस्म्याचंही चालतं. पण फादर म्हणाले होते, ज्याच्यासारखं व्हावंसं वाटतं तो संत निवडा. चौदाव्या वर्षी हे कुणी एवढ्या मनापासून विचारावं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मुलाला मात्र हवं होतं गावात कुणाचंच नसलेलं नाव. वहीत सेबॅस्टियन होते, इग्नेशियस होते, वसईचे गोन्सालो गार्सियाही होते. जोसेफ वाझ लिहून खोडलं होतं. जोसेफ काय, घरोघर. त्याचे आजोबाही जोसेफच.

आजीनं खोडलेल्या नावावर बोट ठेवलं. "ह्यो आपल्या बाजूचो, बाणावलीचो."

मग तिनं सांगितलं. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. 1687 मध्ये हा माणूस मजुराच्या वेशात, अनवाणी तिथे पोचला. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. घरचीच माणसं रोग्यांना रानात टाकून पळाली, तेव्हा यानं त्यांच्यासाठी खोपी बांधल्या आणि त्यांची सेवा केली. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत म्हणून घोषित केलं.

"पण आजी, नाव साधंच ना!"

"संताचां नाव घेतलंस काय तेचां काम आंगार येता," आजी म्हणाली. "झेपात तां बघ."

त्याच आठवड्यात वरच्या वाडीत एका घरी आई आणि दोन्ही पोरं कांजिण्यांनी पडली. लागण होईल म्हणून कुणी उंबऱ्यापाशीही जाईना. मुलाला कांजिण्या लहानपणीच येऊन गेल्या होत्या. आजीनं पेजेचा डबा भरला, वर लोणच्याची फोड ठेवली आणि काही न बोलता त्याच्यासमोर सरकवला. पहिल्या दिवशी तो डबा पायरीवर ठेवून पळत आला. दुसऱ्या दिवशी आत गेला. धाकटीला वाटी धरवत नव्हती, म्हणून चमच्यानं पेज पाजली. तिसऱ्या दिवशी विहिरीचं पाणीही भरून दिलं.

रविवारी घाट उतरून सगळे सावंतवाडीला गेले. मुलाच्या हातातल्या चिठ्ठीवर जोसेफ लिहिलं होतं. बिशपांचा अंगठा कपाळावर टेकला आणि तेलाचा सुगंध दरवळला.

संध्याकाळी एसटीतून उतरला तेव्हा धुक्यात समोरचं दिसत नव्हतं. नव्या शर्टावर आजोबांची घोंगडी घेऊन तो थेट वरच्या वाडीत गेला. पायरीवर डबा धुऊन पालथा घातलेला होता. आत धाकटी कुरकुरत होती.

त्यानं डबा उचलला आणि पेज आणायला घराकडे वळला.