हिरव्याची जोडीदार

दिवाळीनंतरच्या लाभपाचमेचा मुहूर्त ठरलेला होता, त्यामुळे बडोद्याच्या अलकापुरीतलं नवं ऑफिस त्या दिवशी उघडणारच होतं. ४८ टेबलं, लॅनचे ४८ पॉइंट. काम काकांनी घेतलं होतं. केबल ओढून झाल्या आणि त्यांना तापाने गाठलं. उरलेलं काम माझ्यावर आलं. मी तेव्हा वीस वर्षांचा, दांडिया बाजारातून सायकलवर कामाला जाणारा. काकांच्या हाताखालच्या सहा महिन्यांत मी फक्त केबल ओढल्या होत्या. प्लग लावायला एका मित्राने शिकवलं होतं. "दोन्ही टोकांना रंग सारखे आले की झालं," असं त्याचं सांगणं.

खर्च वाचवायला ऑफिसच्या शेठनी पॅच पॅनल गाळलं होतं. दोन्ही टोकांना थेट प्लग लावायचे, म्हणजे एकूण ९६ प्लग. कॅट-६ केबलचं आवरण सोललं की आतून चार पीळदार जोड्या निघतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येकीत एक तार भर रंगाची आणि एक पांढरी, त्याच रंगाच्या पट्ट्याची. मी जोडीशेजारी जोडी अशा आठही तारा ओळीने बसवत गेलो. शाळेच्या रांगेसारखं नीटनेटकं दिसत होतं. टेस्टर लावला की एक ते आठ दिवे क्रमाने लागत. प्रत्येक केबलला लागले. धनत्रयोदशीच्या रात्री काम संपलं. शेठनी पाठ थोपटली आणि चेक हातात दिला.

लाभपाचमेनंतर चौथ्या दिवशी फोन आला. लांबच्या कोपऱ्यातल्या ७ टेबलांवर मोठ्या फाइली उघडता उघडता अडकत होत्या. मी टेस्टर घेऊन गेलो, आठही दिवे लागले. "केबल ठीक आहे, स्विच बघून घ्या," असं छातीठोक सांगून परत आलो.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः आले. अजून अशक्तपणा होता, जिना थांबत थांबत चढले. त्यांनी एक प्लग उजेडाकडे धरला आणि विचारलं, "चौथ्या जागी हिरवा कसा?"

मग वीतभर केबल सोलून त्यांनी माझ्या हातात दिली. "पीळ बघ." मी पहिल्यांदाच नीट बघितलं. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा होता, एकीचा घट्ट, दुसरीचा सैलसर. काका पूर्वी टेलिफोनच्या लाइनवर होते, ते समजावू लागले. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, म्हणून सारखा पडलेला गोंगाट वजा होऊन जातो. ग्रॅहम बेलने १८८१ साली टेलिफोनच्या तारांसाठी याच युक्तीचं पेटंट घेतलं होतं. आणि पीळ वेगवेगळे का, तर एका जोडीचं बोलणं शेजारच्या जोडीत उतरू नये म्हणून.

"आता यंत्राच्या लेखी जोड्या कुठल्या? एक-दोन, चार-पाच, सात-आठ. आणि तीनची जोडीदार सहा. मधल्या दोन जागा जुन्या टेलिफोनच्या जोडीच्या, तिथे निळी बसते, म्हणून हिरवी तिच्या दोन अंगांना. तू तीनला हिरव्या जोडीतली तार दिलीस आणि सहाला निळ्यातली. दोघी टोकापर्यंत पोचतात, म्हणून दिवे लागतात. पण साठ-सत्तर मीटर दोघी परक्यांच्या गळ्यात गळा घालून आल्यात."

काकांनी चाचणीचं मोठं यंत्र भाड्याने आणलं. मला वाटत होतं, सातच केबल नापास होतील. ४८ च्या ४८ झाल्या.

शेठना काकांनी सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "बाकीना ४१ तो चाले छे ने, काका? रहेवा दो." खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. सात केबलचे चौदा प्लग, तासाभराचं काम.

"शेठ, आज चालतात कारण अंतर कमी आहे आणि काम हलकं आहे," काका म्हणाले. "उद्या भार वाढला की हेही अडतील, आणि तेव्हा कुणाला कारण सापडणार नाही. चूक माझी आहे. पोराला मी शिकवलं नाही आणि त्याचं काम तपासलंही नाही." चेक अजून बँकेत भरला नव्हता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. "सगळे पास झाले की द्या."

दोन रात्री लागल्या. काका रंग बोलायचे, मी लावायचो. प्लगपाशी पीळ किती उलगडायचा, तर १३ मिलिमीटरच्या आत. त्यासाठी काकांनी मला अंगठ्याच्या नखाचं माप दिलं. चार केबलना कापायला जास्तीची लांबी उरलीच नव्हती. त्या फॉल्स सीलिंगमधून पुन्हा ओढल्या, आपल्या पदरच्या केबलने. माझ्या बोटांची सालं निघाली.

दुसऱ्या पहाटे राजमहाल रोडने परतताना काका कलाभवनापाशी थांबले. कारागिरी शिकवायला सयाजीराव महाराजांनी १८९० साली उभारलेली ही संस्था. "आजोबा इथे रंगाई शिकले," काका म्हणाले. "सांगायचे, कापड वाळत घातलेलं असताना कच्चा रंगही पक्क्यासारखाच दिसतो. धुतल्यावर कळतं." एवढंच बोलून ते चालू लागले.

त्या दिवशी ४८ पॉइंट पास झाले. प्रत्येक पॉइंटचा रिपोर्ट छापून काकांनी फाइल शेठकडे दिली. शेठनी पानं उलटली आणि पूर्ण रकमेचा तोच चेक परत दिला.

काका आता नाहीत. माझ्या हाताखाली सहा मुलं आहेत. त्या ऑफिसातून कापलेला एक प्लग मी जपून ठेवलाय. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला तो उजेडाकडे धरायला लावतो आणि चौथ्या जागेवरची तार विचारतो.

तुमच्या ऑफिसात लॅनचं काम चालू असेल तर दिवे लागलेले दाखवले म्हणून सही करू नका. प्रत्येक पॉइंटचा छापील रिपोर्ट मागून घ्या आणि बिल त्यानंतरच चुकतं करा.