निदान एवढं तरी

डॉक्टरांनी काचेच्या नळीत शुद्ध पाणी घेतलं, त्यात आम्लाचा एक थेंब टाकून हलवलं. मग सिरिंजमधल्या पिवळ्या द्रवाचा एक थेंब वरून अलगद सोडला. तो थेंब पाण्यात विरला नाही. भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्यासारखा गोल राहिला आणि मागे धुरासारखी शेपटी सोडत सावकाश तळाशी गेला. डॉक्टर नळी उजेडाकडे धरून थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. शेजारच्या लोखंडी खोड्यात एक गाय उभी होती, तिचा मालक कासरा हातात धरून आपल्या पाळीची वाट बघत होता. टेबलावर, माझ्या जुन्या लुगड्याच्या घडीत, आमची हळदी पडली होती. वय दहा महिने, वजन एक किलो नऊशे ग्रॅम.

हळदी आमच्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात आली. वाशिमला त्या दिवशी रस्त्यांचे ओढे झाले होते. जिन्याखाली एक पिवळसर-पांढरं पिल्लू भिजून कुडकुडत होतं. आम्ही तिला आणली नाही, हाकललीही नाही. माझ्या लेकीने तिला पुसलं, बशीत दूधभात ठेवला आणि ती राहिली. मांजरं घरात येतात ती बहुतेक अशीच.

माघात तिचं पोट वाढायला लागलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पोटुशी हाय वं तुमची मांजर, दूध पाजत जा तिले." मीही आठ-दहा दिवस दूध पाजत राहिले. पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका लागत होता. पोट भरत होतं आणि अंग वाळत होतं. गाभण जनावर असं दिसत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला कळायला हवं होतं. ते आठ-दहा दिवस अजूनही मनातून जात नाहीत.

पोटात पिल्लं नव्हती, पाणी होतं. मधासारखं पिवळं, बोटांत धरलं तर तार सुटेल असं. या आजाराला एफआयपी म्हणतात, फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस. मांजरांमध्ये एक साधा कोरोना विषाणू सर्रास असतो. बहुतेकींना तो थोडी हगवण लावून सोडून देतो. एखाद्या मांजरीच्या शरीरात मात्र तो आपलं रूप बदलतो आणि रक्तवाहिन्यांना सूज आणतो. मग पोटात किंवा छातीत पाणी साचतं. कधी पाणी न साचता डोळे, मेंदू, मूत्रपिंडं धरली जातात. गाठतो तो प्रामुख्याने दोन वर्षांखालच्या कोवळ्या मांजरांना. डॉक्टर म्हणाले, "ताई, नळीतल्या थेंबावरून शंका पक्की होते, निदान नाही. मी दिवसभर गाई-म्हशी बघणारा माणूस. तुम्ही अकोल्याला जा." आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे इतकं सरळ सांगणारा माणूस भेटणं, हे त्या दिवशीचं मोठं भाग्य होतं.

मालेगाव, मेडशी, पातूर करत, टमाट्याच्या कॅरेटवर ओढणी बांधून आम्ही तिला अकोल्याला नेलं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, पोटातलं पाणी तपासलं. निदान झालं.

परतीच्या वाटेवर हा एकच शब्द डोक्यात घोळत होता. मराठीत निदान म्हणजे रोगाची ओळख, आणि निदान म्हणजे किमान. निदान दोन घास खा. निदान सांगून तरी जा. संस्कृतात या शब्दाचा आणखी एक फार जुना अर्थ आहे: वासराला बांधायची दोरी, दावं. पुढे त्याचाच अर्थ कारण असा झाला, मग रोगाचं कारण, आणि वैद्यकात तो कायमचा बसला. तिन्ही अर्थ मला त्या गाडीत एकदम लागू झाले. तिला काय झालं हे कळलं होतं. आता आपल्याकडून किमान काय व्हायला हवं, हा प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाने मी तिला बांधली गेले होते. ती जिन्याखाली भिजत होती त्या दिवशीही इतकी बांधली गेले नव्हते.

हा आजार १९६३ मध्ये पहिल्यांदा नीट नोंदवला गेला. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं एफआयपी म्हणजे मरण, एवढंच उत्तर होतं. पाणी काढायचं, स्टेरॉइड द्यायचं आणि दिवस मोजायचे. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाळेत, आयुष्यातली अनेक दशकं या एका रोगामागे घालवलेल्या नील्स पेडरसन यांनी २०१९ मध्ये ३१ आजारी मांजरांवरच्या उपचारांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. औषधाला धड नावही नव्हतं, फक्त क्रमांक होता: जीएस-४४१५२४. त्या ३१ पैकी २५ मांजरं दीर्घकाळ जगली. ज्या रोगात जवळपास कुणीच वाचत नव्हतं, त्यात पंचवीस. म्हणून "हा रोग बरा होत नाही" असं कुणी सांगितलं, तर ते कधी शिकलेलं आहे हेही विचारावं. डॉक्टरांच्या शब्दालाही साल असतं.

अकोल्याच्या चिठ्ठीवरचं पहिलं औषध वाचून माझा हात थांबला. रेमडेसिविर. पेडरसन यांच्या औषधाचं हे सख्खं भावंड. शरीरात गेलं की त्याचंच रूप घेतं.

एप्रिल २०२१ मध्ये हा शब्द आपल्या जिल्ह्यात लहान पोरांच्याही तोंडी होता. एका इंजेक्शनसाठी माणसं वाशिमहून अकोला, अकोल्याहून नागपूर फिरली. कुणी दागिने मोडले, कुणी तुरीचे पैसे ओतले, कुणी काळ्या बाजारात दसपट मोजले. पुढे कळलं की माणसांच्या कोविडमध्ये त्याचा उपयोग मर्यादितच होता. पण ज्यांची माणसं गेली, त्यांच्यासाठी ते न मिळालेलं औषधच राहिलं. आमच्या गल्लीतही तशी घरं आहेत. आता तीच कुपी मी मांजरीसाठी औषधांच्या दुकानातून सहज घेऊन येत होते. पिशवी छातीशी धरून त्या घरांवरून जाताना मान वर करवली नाही.

यावर मी बरेच दिवस विचार केला. आज ते औषध माझ्या हातून कुणा माणसाच्या तोंडचं जात नाही. त्या वर्षी जे झालं, ते औषध मांजरींनी पळवलं म्हणून झालं नाही. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये याच रोगाच्या साथीने मांजरं पटापट मरायला लागली, तेव्हा तिथल्या सरकारने माणसांसाठी साठवलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या. गोदामात मुदत संपण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात गेल्या. मला ते बरोबर वाटतं. तरी ती मान खाली गेली, तेही बरोबरच होतं. ज्याच्या घरातून माणूस गेलं, त्याच्यासमोर आपल्या काळजीचं प्रदर्शन करू नये.

लोकांनी विचारलंच. "मांजरीसाठी कोनी अकोल्याले जाते काय?" विचारणारा वाईट नव्हता. त्याने २०२४ मध्ये सोयाबीन विकलं, तेव्हा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि त्याच्या हाती त्याहून बराच कमी आला. त्याच्या प्रश्नात हेटाळणी नव्हती, हिशेब होता. हिशेबाला हिशेबानेच उत्तर द्यावं. आम्ही दोघांनी बसून एक आकडा ठरवला. लेकीची फी, सासूबाईंची औषधं, घराचा हप्ता बाजूला काढून जे उरतं, ते. त्यापलीकडे कर्ज काढायचं नाही. ज्याचा आकडा याहून लहान आहे, त्याचं प्रेम लहान आहे असं कुणी म्हणू नये. एखाद्याच्या आकड्यात फक्त पोटातलं पाणी काढणं, मऊ जागा आणि उकडलेल्या कोंबडीचं पाणी एवढंच बसेल. तेही निदान आहे.

ज्याला मी निदान म्हणणार नाही, ते आपल्याकडे सर्रास चालतं. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते, असं जुनी माणसं सांगतात. त्या भीतीने मांजरीवर कुणी हात उचलत नाही. पण आजारी मांजर पोत्यात घालून बाजार समितीमागे नाहीतर गावाबाहेर नाल्याकाठी सोडणारे खूप आहेत. ती आपल्या डोळ्यांसमोर मरत नाही, म्हणजे पाप लागत नाही. मला हे पाप मारण्याहूनही मोठं वाटतं. शेवटी जे एक माणूस तिच्या ओळखीचं होतं, तेही काढून घ्यायचं. आणि आपल्याच वऱ्हाडात, रिद्धपूरला, लीळाचरित्र लिहिलं गेलं. मराठीतल्या त्या आद्य गद्य ग्रंथात शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो आणि स्वामी त्याला शिकाऱ्यांच्या हाती देत नाहीत. सशाची किंमत किती, तो अजून किती वर्षं जगेल, हे तिथे कुणी विचारत नाही. तो आश्रयाला आला, एवढंच पुरतं.

मग कधी थांबायचं? हा प्रश्न टाळता येत नाही. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य यातनांत पडलं होतं. पशुवैद्याने आशा सोडली होती. गांधीजींनी डॉक्टरकडून विषाचं इंजेक्शन देववून त्याची सुटका केली. संतापाची पत्रं आली, आणि त्यांनी नवजीवन आणि यंग इंडियातून उत्तरं दिली. अहिंसेचं व्रत घेतलेल्या माणसाने हा निर्णय सोपा म्हणून घेतला नव्हता. उपाय संपले, शुश्रूषाही करता येईना, उरली ती फक्त वासराची वेदना, तेव्हा घेतला. यातलं मी एवढंच घेतलं: वेदना कुणाची संपवायची आहे, हे आधी तपासायचं. औषध सुरू झाल्याच्या तिसऱ्या रात्री हळदी ताप येऊन कपाटाखाली जाऊन बसली. हाक मारली तरी येईना. तेव्हा "सोडवा हिला" असं माझ्या तोंडून निघालं. पण ती वेदना माझी होती. मला बघवत नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या: काही खाते का, श्वास कसा आहे, अंग चाटते का. खात नव्हती. श्वास ठीक होता. आणि मी वाकून बघितलं, तर कपाटाखालच्या अंधारात ती पुढचा पंजा चाटत होती. डॉक्टर म्हणाले, "मग उद्याचं इंजेक्शन द्या."

लेकीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ती मरेल का?" सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, नाही म्हण. मी म्हटलं, "मरू शकते. वाचूही शकते. आपल्याला चौऱ्याऐंशी दिवस औषध द्यायचं आहे, रोज एकाच वेळी." मुलांना खोटा धीर दिला की ती तो मोठ्यांच्या चेहऱ्यावर ओळखतात आणि मग एकटीच घाबरत राहतात. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयवर दिवसांना आकडे घातले. आता इंजेक्शनं जाऊन गोळ्या आल्या आहेत. संध्याकाळी सातला गोळी झाली की ती खूण करते. दर रविवारी किराणा दुकानाच्या काट्यावर वजन, कारण वजन वाढलं की मात्राही वाढवायची असते. दुकानदार आता विचारतो, "आज किती भरली?"

एक भीती मात्र स्पष्ट करून टाकते. कोरोना हे नाव ऐकून दोन शेजारणींनी पोरांना आमच्याकडे पाठवणं बंद केलं होतं. मांजरीचा हा विषाणू माणसाला होत नाही. तो कोविड नाही. रूप बदललेला विषाणू सहसा एका मांजरीकडून दुसरीकडेही जात नाही. सायप्रसची साथ हा अपवाद. आणि पाळणाऱ्याच्या हातून काही चुकलं म्हणून तो होतो, असंही नाही. हे शेवटचं वाक्य मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

तुमच्या घरी मांजर असेल तर एवढं करा. अंग वाळतंय आणि पोट वाढतंय असं दिसलं तर पोटुशी म्हणून थांबू नका. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरीच्या शरीराला ते औषध पचवता येत नाही, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. दोन दिवस खाल्लं नाही तर तिसऱ्याची वाट बघू नका, उपाशी मांजरीचं यकृत लवकर बिघडतं. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. तिथे गाईंची रांग असेल, तरी मांजर घेऊन उभं राहायला लाजू नका. आणि सोडायचं ठरवून पोतं हातात घेतलंच असेल, तर त्याआधी डॉक्टरांना एक फोन करा.

आज एक्कावन्नावा दिवस. पोट उतरलं आहे. गेल्या रविवारी काट्यावर दोन किलो सातशे ग्रॅम भरली. गोळ्या संपल्यावरही बारा आठवडे लक्ष ठेवायचं आहे, कारण हा आजार काहींना उलटतो. गोळीचे तेहेतीस दिवस बाकी आहेत.